संधिवात निघाला? आधी तपासणी, मग मांडीचे स्नायू, मग ताट आणि सगळ्यात शेवटी पूरक गोळ्या

गुडघे धरले की पुण्यात सल्ल्यांना तोटा नसतो. सोसायटीच्या बाकावरचे काका जवसाची पूड सांगतात, भिशीतली मैत्रीण कोलॅजनचा डबा मागवून देते आणि वाण्याकडे शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक आपल्याला आंबट बंद करायला लावतं. सगळे भल्यासाठीच सांगतात, फक्त बहुतेकांचा क्रम उलटा असतो. बाटल्यांवर पैसे आधी खर्च होतात आणि मांडीच्या स्नायूंकडे शेवटपर्यंत कुणी बघत नाही.

माझे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत, थोरल्या जाऊबाईंना आमवात आहे आणि भावाला युरिक ॲसिडचा त्रास. घरातच तीन तऱ्हा असल्यामुळे कुठलं पथ्य कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे जवळून बघायला मिळालं. ज्यांना नुकतंच ‘तुम्हाला संधिवात आहे’ असं सांगितलंय आणि पुढे काय करायचं हे कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. चालू औषध कमी-जास्त करायचं असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१. संधिवात कुठला, ते आधी ठरवून घ्या

‘संधिवात’ म्हणजे एक आजार नव्हे. या नावाखाली शंभराच्या आसपास दुखणी येतात. आपल्याकडे नेहमी भेटणारी तीन अशी.

झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर सुरू होते. गुडघे, खुबा, अंगठ्याचं मूळ आणि बोटांची टोकाकडची पेरं धरतात. सकाळी उठल्यावर आखडलेपण असतं, पण अर्ध्या तासाच्या आत सुटतं. दिवसभर उभं राहिलं की दुखणं वाढतं, बसलं की कमी होतं.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. तिशीतही होऊ शकतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. मनगटं आणि बोटांची मुळाकडची व मधली पेरं दोन्ही हातांना सारखीच सुजतात. सकाळचा कडकपणा तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो. जाऊबाईंना सकाळी दुधाची पिशवी कातरीने कापताना मूठ मिटायची नाही, दुपारी मात्र त्याच हाताने पोळ्या व्हायच्या.

गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा. रात्री एकाएकी पायाचा अंगठा लालबुंद होतो, वर चादरसुद्धा सोसत नाही. काही दिवसांत आपोआप उतरतो, म्हणून लोक विसरतात, आणि मग तो पुन्हा येतो.

याशिवाय सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आहे, तरुण मुलांची पाठ पहाटे आखडवणारा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. आणि चिकुनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे दुखणारी माणसं तर आता प्रत्येक सोसायटीत सापडतील.

हे शहरातल्या बसक्या लोकांचं दुखणं आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना भिगवणचं सांगा. आपण तिथे रोहित पक्षी बघायला जातो, पण संधिवाताच्या अभ्यासातही त्या गावाचं नाव आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात तिथे घरोघर पाहणी सुरू केली. शेतात राबणाऱ्या माणसांतही सांधे-स्नायूंची दुखणी किती सर्रास आहेत, हे त्यातून पुढे आलं.

झिजेसाठी हाडांच्या म्हणजे ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जायचं. सूज, लांबलेला सकाळचा कडकपणा किंवा एकाच वेळी अनेक सांधे धरलेले असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञांकडे. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. औषध वेळेत सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बऱ्याच अंशी टळतं. तेव्हा ‘आधी पथ्य करून बघू’ हा विचार झिजेला एकवेळ चालेल, आमवाताला अजिबात नाही.

तपासण्यांबद्दल चार गोष्टी माहीत असू द्या:

- गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायचा असतो. झोपवून काढला तर दोन हाडांमधली फट किती कमी झालीय ते नीट कळत नाही. टेक्निशियनला स्वतःहून आठवण करा.
- आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी. तो पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झालाच असं नाही, वय झालेल्या निरोगी माणसांतही तो येतो. उलट आमवात असूनही काहींचा निगेटिव्ह असतो. अँटी-सीसीपी ही तपासणी त्या मानाने नेमकी आहे.
- गाउटचा झटका आलेला असताना युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. झटका उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आणि नुसतं युरिक ॲसिड वाढलंय, सांधा कधीच सुजलेला नाही, तर तो गाउट नव्हे.
- ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या फक्त सूज आहे की नाही ते सांगतात, कशामुळे ते नाही.

लॅबच्या जाहिरातीतलं ‘संधिवात पॅकेज’ परस्पर करून घेऊ नका. डॉक्टर बोटं दाबून बघतात आणि मग काय तपासायचं ते ठरवतात. पॅकेज आधी केलं की नको त्या आकड्यांची भीती बसते आणि हवी ती तपासणी राहून जाते.

२. फाइल

पहिल्या भेटीला एवढं बरोबर न्या:

- जुने एक्स-रे (फिल्म, नुसता रिपोर्ट नाही) आणि रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून
- चालू औषधांची यादी. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि ऑनलाइन मागवलेले डबेसुद्धा
- सुजलेल्या सांध्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो, कारण तपासणीच्या दिवशी सूज नेमकी गायब असते
- सकाळचा कडकपणा किती मिनिटं टिकतो, याची आठवडाभराची नोंद
- साखर, रक्तदाब, थायरॉइड, मूत्रपिंड, पोटातला अल्सर यांपैकी काही असेल तर त्याचे कागद
- आधार कार्ड आणि विम्याचे कागद. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर रेशन कार्डही असू द्या

कडकपणाची मिनिटं हा कागद क्षुल्लक वाटतो. माझ्या मते फाइलमधला तोच सगळ्यात कामाचा.

३. मांडीचे स्नायू: खरं औषध इथे आहे

गुडघ्याचा भार कुर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीच्या, जोडीने मांडीचा पुढचा स्नायू पेलतो. दुखतं म्हणून आपण हालचाल कमी करतो, तो स्नायू वाळतो, मग भार थेट सांध्यावर येतो आणि जास्त दुखतं. झिजेत व्यायामाने कुर्चा परत उगवत नाही, पण दुखणं कमी होतं. हे इतक्या ठिकाणी तपासलं गेलंय की झिजेच्या उपचारांत व्यायाम आता पहिल्या ओळीत असतो. एक्स-रे वाईट दिसतो म्हणून व्यायामाचा उपयोग नाही, असं समजू नका. तसलेच एक्स-रे असलेली माणसं आरामात चालताना मी बघते.

पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टकडे शिकून घ्या, नंतर घरी. लागणाऱ्या वस्तू: एक टॉवेल, हात नसलेली भक्कम खुर्ची, चटई किंवा कडक गादी. जिमचं काहीही लागत नाही.

गुडघा दाबणे. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, पाच आकडे म्हणा, सोडा. दहा वेळा. दुखणं जोरात असतानाही हा जमतो, म्हणून सुरुवात यानेच.

सरळ पाय उचलणे. उताणं झोपा. एक गुडघा वाकवून पाऊल टेकवलेलं, दुसरा पाय ताठ. ताठ पाय साधारण फूटभर उचला, पाच आकडे थांबा, सावकाश खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. श्वास रोखू नका; रक्तदाब असेल तर आकडे मोठ्याने म्हणा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

टाच सरकवणे. झोपूनच टाच गादीवरून नितंबाकडे ओढत आणायची आणि परत न्यायची. यात जोर नाही, पण सांधा मोकळा राहतो.

कुशीवर झोपून गुडघा उघडणे. दोन्ही गुडघे वाकवून कुशीवर झोपा, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडा आणि मिटा. खुब्याचे स्नायू बळकट झाले की गुडघा आत कलत नाही. हा प्रकार बहुतेक जण गाळतात. गाळू नका.

खुर्चीतून उठणे-बसणे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांचा आधार न घेता उठा, आणि बसताना धप्पकन न बसता सावकाश बसा. सुरुवातीला पाच वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा. बसमध्ये चढणं, कमोडवरून उठणं, भाजीची पिशवी उचलणं, सगळं यातूनच सुधारतं.

टाचा उचलणे. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं. दूध तापेपर्यंत होऊन जातं.

आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं, नाहीतर स्नायू तिथेच थांबतो. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून सोडणारेच जास्त.

दुखलं तर? थोडं दुखणं चालतं. व्यायामानंतर दोन तासांनी आधीपेक्षा जास्त दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला असेल, तर पुढच्या वेळी अर्धं करा. बंद नाही, अर्धं.

आमवाताचा भडका उडालेला असेल तेव्हा जोराचे प्रकार बाजूला ठेवायचे आणि सांधे नुसते हलके फिरवायचे. हातांसाठी कोमट पाण्यात मूठ मिटणं-उघडणं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणं, मनगट गोल फिरवणं. रबरी चेंडू दाबत बसायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण सुजलेल्या बोटांना तो त्रासच देतो.

योगाबद्दल. पुण्यात शिकायची सोय उत्तम आहे. मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे, आणि खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, लोड यांच्या आधाराने आसनं करायची त्यांची पद्धत सांधे दुखणाऱ्यांना सोयीची पडते. कुठेही जा, शिक्षकांना सांधा कुठला आणि कधीपासून हे पहिल्याच दिवशी सांगा. झिजलेल्या गुडघ्यांनी वज्रासन, पद्मासन किंवा पूर्ण उकिडवं बसणं हट्टाने करू नये. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प करायचा असेल तर खुर्चीवर बसून होणारे प्रकार करा, त्यालाही घाम येतो.

४. चालणं, जिने, पाणी

सपाट आणि मऊ जमीन शोधा. सारसबाग, संभाजी उद्यान, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, रेसकोर्सचा परिसर, असं काहीतरी जवळचं. रस्त्याच्या कडेचे उखडलेले पेव्हर ब्लॉक टाळा. मुरगळलेला घोटा सगळा क्रम बिघडवतो. दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोचायचं. एका दमात नाही, तुकड्यातुकड्याने चालतं.

पर्वती आणि टेकड्या थोड्या लांबणीवर टाका. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढण वाईट वाटते, पण गुडघ्याला उतरण जड जाते. पालखीबरोबर जायची ओढ असेल तर शहरातला सपाट टप्पा घ्या, दिवे घाट घेऊ नका. सत्तरीतल्या माउल्या पुढे जाताना दिसतील, त्यांच्याशी बरोबरी करायची नाही. त्या जन्मभर चालत आलेल्या आहेत.

जुन्या वाड्यात किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर हे पाठ करा: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी. आणि कठडा.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. सिनेमात सगळे उलट धरतात. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी, एवढी उंची. खाली रबरी टोपण हवंच, आणि ते झिजलं की बदलायचं.

पोहता येत नसलं तरी तलावात उतरा. छातीपर्यंतच्या पाण्यात सांध्यांवर शरीराचा जेमतेम तिसरा हिस्सा भार येतो, त्यामुळे बाहेर दुखणारा माणूस पाण्यात निवांत चालतो. फक्त ओल्या फरशीवर जपून.

५. ताट

आधी वजन. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो. वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. वजन जास्त असलेल्या झिजेच्या रुग्णाला यापेक्षा परिणामकारक आहार मला माहीत नाही. दहा टक्के उतरलं तर फरक स्पष्ट कळतो, पाच टक्क्यांनीही सुरुवात होते.

त्यासाठी उपाशी राहू नका. चहा बघा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी, त्याही काही न खाता. मग तेल: महिन्याला माणशी साधारण अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. तुमच्या घरात किती येतं ते वाण्याच्या बिलावरून काढा. बाकरवडी आणि मिसळ सोडा असं मी म्हणत नाही, पुण्यात राहून ते व्हायचं नाही. रोजची की रविवारची, एवढं ठरवा.

उपवास ही मोठी फट आहे. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि तूप भरपूर. प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून, तीही थोडी. आठवड्याला दोन उपवास करत असाल तर राजगिरा, ताक, दही, फळं यांच्याकडे वळा.

दुसरं, प्रथिनं. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम. वाटीभर दाट वरणात सहा-सात ग्रॅम, ग्लासभर दुधात तेवढीच, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आता तुमच्या कालच्या जेवणाचा हिशेब करा. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी यांत तो बसत नाही. उसळ रोज हवी, ताक-दही हवं, चालत असेल तर अंडं हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

इथे नेहमीचा सापळा येतो: ‘वातूळ खाऊ नको’. मग डाळी, वाटाणा, चवळी, हरभरा, वांगं सगळं बंद होतं आणि ताटातली उरलीसुरली प्रथिनंही जातात. एखादा पदार्थ तुम्हाला खरंच बाधतो असं वाटत असेल तर फक्त तो तीन आठवडे बंद करा, मग परत खाऊन बघा. दोन्ही वेळा काय झालं ते लिहून ठेवा. एका वेळी एकच पदार्थ. टोमॅटो, लिंबू, ताक सरसकट बंद करण्याला आधार नाही.

सूज कमी ठेवायला मदत करणारं जेवण आपल्याकडचंच आहे: ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, मूठभर दाणे किंवा अक्रोड, ऋतूतली फळं. मैदा, फरसाण, गोड पेयं आणि बेकरीचे पदार्थ जितके कमी तितकं बरं.

जवसाची चटणी जरूर खा, पण भाजून कुटलेली. अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं. त्यातलं ओमेगा-३ वनस्पतीतलं असतं आणि सांध्यांवर काम करणाऱ्या प्रकारात शरीर त्यातलं फार थोडं बदलू शकतं. मासे खात असाल तर गणेश पेठेच्या मासळी बाजारातून बांगडा किंवा तारली आणा. पापलेटपेक्षा स्वस्त, आणि ओमेगा-३ च्या दृष्टीने सरस. आठवड्यातून दोनदा, तळण्याऐवजी कालवण.

हेच मासे गाउटवाल्यांना मात्र जपून, कारण त्यांत प्युरिन जास्त, आणि प्युरिनचंच शरीरात युरिक ॲसिड होतं. गाउटमध्ये बिअर आणि इतर दारू, कलेजी-वजरी, लाल मटण आणि फळांच्या नावाखाली मिळणारी गोड पेयं यांवर बंधन हवं. डाळी, पालक, मटार यांना लोक घाबरतात, पण वनस्पतींतल्या प्युरिनने गाउटचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. भाऊ कित्येक महिने वरणाशिवाय जेवला आणि शनिवारची बिअर मात्र चालू होती. पाणी भरपूर. आणि युरिक ॲसिड उतरवणारी गोळी झटका आलेला असताना आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायची नाही.

कॅल्शियमचं थोडक्यात. नाचणीच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. दूध, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी रोज असू द्या. हाडांसाठी ते हवंच. पण झीज कुर्चेची असते, आणि कॅल्शियमने कुर्चा भरून येत नाही.

६. पूरक गोळ्या, डबे, कॅप्सूल

आता शेवटी बाटल्या. माझं मत आधीच सांगते: रक्तात कमतरता निघालेलं जीवनसत्त्व भरून काढा, बाकीच्यावर पैसे घालवण्याआधी चांगले बूट घ्या.

ड जीवनसत्त्व. शहरात कमतरता सर्रास सापडते. काचेतून येणाऱ्या उन्हाने ते तयार होत नाही, त्यामुळे बाल्कनीची काच लावून बसण्याचा उपयोग नाही. बहुधा ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, काही आठवडे देतात. दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यावी. ती रोज घेणारे लोक असतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंड बिघडतं. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

बी-१२. शाकाहारी असाल, किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर तपासा. पायाची जळजळ आणि मुंग्या गुडघ्याच्या नावावर खपतात, पण असतात याच्या.

कॅल्शियमची गोळी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, लोहाच्या गोळीबरोबरही घेऊ नका.

माशाचं तेल. आमवातात दुखणं आणि सकाळचा कडकपणा थोडा कमी होतो, पण त्यासाठी दिवसाला ईपीए आणि डीएचए (माशांतल्या ओमेगा-३ चे दोन प्रकार) मिळून तीन ग्रॅमच्या आसपास लागतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘१००० मिलिग्रॅम’ असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० लिहिलेलं असतं. म्हणजे साध्या कॅप्सूल दिवसाला दहा झाल्या. आकडे बघून मगच घ्या, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. सगळ्यात जास्त खपणारी जोडगोळी. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत या गोळ्या बिनऔषधी गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. घ्यायच्याच असतील तर तीन महिने घ्या, फरक नसेल तर थांबवा. शाकाहारी मंडळींनी हेही बघावं: ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचातून काढतात, कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कुर्चेतून. पाकिटावरचा ठिपका हिरवा आहे की नाही ते तपासा.

कोलॅजन. हेही प्राण्यांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतून येतं. ‘व्हेज कोलॅजन’ म्हणून विकलं जातं त्यात बहुधा कोलॅजन नसतंच, ते बनायला मदत करणारे घटक असतात. प्रथिनांचं काम उसळच करेल.

हळद. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के. चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि चाचण्यांमध्ये दिवसाला पाचशे ते पंधराशे देतात. हळदीचं दूध आवडीने प्या, डोस म्हणून नको. जास्त ताकदीच्या, मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल झिजेत काहींना उपयोगी पडतात. पण अशाच कॅप्सूलनी क्वचित यकृताला इजा झाल्याचंही नोंदलं गेलंय. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नकोच.

७. पुड्या, तेलं आणि वेदनाशामक

बिनलेबलची पुडी, मग ती कुणीही आणून दिलेली असो, घेऊ नका. दोन दिवसांत चमत्कार झाला तर आधी संशय घ्या, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मग तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आधीच बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आयुर्वेदिक उपचार घ्यायचेच असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडून, लेबल असलेलं औषध घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

तेलाने मालीश करून बरं वाटत असेल तर करा. सुजलेल्या, गरम सांध्यावर चोळायचं नाही. त्याला बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. आखडलेल्या सांध्याला शेक. मधुमेहाने पाय बधिर असतील तर शेकाची पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा.

वेदनाशामक गोळ्या केमिस्टकडून परस्पर घेऊन रोज खाणं पोट आणि मूत्रपिंड दोघांनाही महागात पडतं. गुडघ्याला आणि हाताला डायक्लोफिनॅकचं जेल बऱ्याच जणांना पुरतं, आणि त्याचा पोटावरचा भार गोळीपेक्षा खूप कमी असतो.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. जाऊबाईंच्या डब्यावर मार्करने ‘फक्त मंगळवार’ लिहिलेलं आहे. फॉलिक ॲसिड सांगितलेल्या दिवशी, रक्ततपासणी ठरलेल्या वेळी, दारू बंद. कुठल्याही आहाराने हे औषध बंद करता येत नाही.

८. घरात करायचे बदल

कमोड हवाच; बांधकाम शक्य नसेल तर कमोडची खुर्ची मिळते. बाथरूममध्ये भिंतीला पकड, पलंगाची उंची गुडघ्याइतकी. पूजेला पाटाऐवजी चौरंग वर घ्या आणि आपण खुर्चीवर बसा. गणपतीत आरतीला उभं राहणं सोपं, खाली बसून उठणंच अवघड, तेव्हा गुरुजींना आधीच सांगून ठेवा. काही म्हणत नाहीत. विळीपेक्षा उभ्याने सुरी, बारीक दांड्यांना जाड रबरी पकड, नळाला लांब दांडी. भाजीची पिशवी बोटांत न अडकवता कोपरावर किंवा चाकांच्या पिशवीत.

९. या गोष्टींना थांबू नका

एकच सांधा अचानक गरम, लाल झाला आणि ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. काही दिवसांत सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. पडल्यावर पाय टेकवता येत नसेल. पोटरी एका बाजूची सुजून दुखत असेल. गुडघा अडकून सरळच होत नसेल. मेथोट्रेक्सेट किंवा तसलं औषध चालू असताना ताप, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला आला असेल. वेदनाशामक घेताना शौचाला डांबरासारखं काळं होत असेल. यांपैकी काहीही झालं तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता, औषधांची यादी बरोबर घेऊन, त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.